वाचकांचे प्रश्न : गरोदरपणातली दारू, मुलाचा मेंदू, आणि जिल्ह्यातच निदान कसं सुरू करायचं

मागच्या अंकात एफएएसडीबद्दल लिहिलं होतं, म्हणजे आईच्या पोटात असताना दारूमुळे बाळाच्या मेंदूच्या वाढीवर जो कायमचा परिणाम होतो त्याबद्दल. त्यावर खूप पत्रं आली, आणि बऱ्याच जणांचा सूर एकच होता, की हे सगळं ठीक आहे पण आमच्या गावात, आमच्या जिल्ह्यात हे ओळखणार कोण? म्हणून हा अंक त्यालाच देतेय. नावं छापलेली नाहीत, पत्रं थोडी कापून छोटी केलीयेत. आधी पत्र, आणि त्याखाली माझं उत्तर.

मी विदर्भातल्या एका जिल्हा रुग्णालयात डीईआयसीमध्ये (लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं जिल्ह्याचं सरकारी केंद्र) सायकॉलॉजिस्ट आहे. शाळेतून ‘ऐकत नाही’, ‘शिकवलेलं विसरतो’ म्हणून मुलं येतात. काही आया स्वतःहून सांगतात की पोटुशी असताना मोहाची घेत होते. आम्ही एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) नाहीतर बौद्धिक अक्षमता लिहितो आणि पुढचं मूल बघतो. आमच्याकडेच एफएएसडीचं निदान सुरू करता येईल का? मशीन नाही, ट्रेनिंग नाही, बजेट नाही.

करता येईल, आणि तुमच्यासारख्या माणसानेच ते करावं असं मला मनापासून वाटतं. पहिलं म्हणजे मशीनची काळजी सोडा. या निदानासाठी एमआरआयची सक्ती नाही आणि रक्ताची अशी कुठली तपासणीही नाही की जी केली आणि उत्तर आलं. लागतात ती चार-पाच प्रकारची माणसं, आणि ती डीईआयसीत आधीच धरलेली आहेत, बालरोगतज्ज्ञ, तुम्ही, स्पीच थेरपिस्ट, फिजिओ, स्पेशल एज्युकेटर, सोशल वर्कर. एखादी जागा रिकामी असेल तरी सुरुवात अडत नाही. आरबीएसके, म्हणजे मुलांच्या आरोग्य तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्या पालघरमधूनच देशभरासाठी सुरू झालं, त्याच्या ३० आजारांच्या यादीत एफएएसडीचं वेगळं नाव नाही हे खरं, पण भाषेतला विलंब आहे, शिकण्यातली अडचण आहे, एडीएचडी आहे. म्हणजे ही मुलं गाडीत बसून तुमच्या दारापर्यंत येतातच, फक्त ‘हे कशामुळे झालं असेल’ हा प्रश्न कोणी विचारत नाही.

हे दुसरीकडे कसं उभं राहिलं ते सांगते कारण त्यात आपल्यासाठी धडा आहे. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलच्या केनेथ लायन्स जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी या आजाराला नाव दिलं, पण नाव मिळालं तरी निदान बरंचसं एकेकट्या डॉक्टरच्या नजरेवर चालायचं, एक म्हणणार आहे, दुसरा म्हणणार नाही. मग १९९३ मध्ये तिथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात टीमचं क्लिनिक सुरू झालं, स्टर्लिंग क्लॅरेन आणि सुझन अ‍ॅस्टली यांनी १९९७ मध्ये चार आकड्यांची पद्धत आणली, म्हणजे वाढ, चेहरा, मेंदू आणि दारूची माहिती या चारही गोष्टींना १ ते ४ असे गुण द्यायचे. आणि माझ्या मते सगळ्यात शहाणपणाचं काम त्यांनी नंतर केलं, ती पद्धत त्यांनी त्याच राज्यातल्या दुसऱ्या गावांमधल्या टीमना शिकवली, तिथे क्लिनिकं सुरू झाली. सगळी मुलं सिअ‍ॅटललाच आणा असं नाही म्हटलं. आपल्याकडे सगळं नागपूर-मुंबईकडे ढकलायची सवय आहे, आणि मजुरी बुडवून तीन फेऱ्या मारणं ज्यांना जमत नाही त्यांची मुलं दुसऱ्या फेरीलाच गळतात.

निकष म्हणून मी कॅनडाचे २०१६ चे सुचवेन. त्यात मेंदूची दहा क्षेत्रं बघायची असतात: हालचाल, मेंदूची रचना (डोक्याचा घेर इथेच येतो), बुद्धी, भाषा, अभ्यासातली प्रगती, स्मरण, लक्ष, पुढचं ठरवून वागणं, मनाचा तोल, आणि रोजचं जगणं-वागणं. यातल्या किमान तीन क्षेत्रांत मूल खूपच मागे पाहिजे, सरासरीपेक्षा दोन स्टँडर्ड डेव्हिएशन खाली. जोडीला गरोदरपणात दारू घेतल्याची खात्रीची माहिती पाहिजे, आणि ती नसेल तर चेहऱ्यावरच्या तिन्ही खुणा पाहिजेत, डोळ्यांची फट आखूड, नाक आणि ओठाच्या मधली पन्हळ सपाट, आणि वरचा ओठ पातळ. या निकषांतून वजन-उंची काढून टाकलीये, आणि आपल्यासाठी ते फार चांगलं झालं, कारण जिथे कमी वजनाची बाळं घरोघरी आहेत तिथे वजनावरून दारू ओळखायला गेलो तर दर दुसऱ्या आईवर आळ येईल.

चाचण्यांचं म्हणाल तर बिने-कामत, मालिनची एमआयएसआयसी, व्हीएसएमएस हे तुम्ही रोज वापरताच, त्यातून बुद्धी आणि रोजचं वागणं झालं. भाषा स्पीच थेरपिस्ट बघेल. स्मरण आणि ठरवून वागणं हे जड जाईल, तिथे बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या मुलांसाठीच्या चाचण्या शिकून घ्या. गोंडी किंवा कोलामी बोलणाऱ्या मुलाला मराठीतून प्रश्न विचारून त्याचा आकडा लिहू नका, प्लीज, तिथे घरची भाषा बोलणारं माणूस सोबत बसवा आणि रिपोर्टमध्ये तसं लिहा. आणि सहा वर्षांखालच्या मुलाच्या सगळ्या चाचण्या होतच नाहीत, तिथे ‘धोका आहे, पुन्हा तपासायचं’ एवढंच लिहून तारीख द्यायची, घाईने शिक्का मारायचा नाही.

एफएएसडी म्हणण्याआधी बाकीचं वगळायचं. ऐकू येतं का, दिसतं का, थायरॉईड, अ‍ॅनिमिया, अपुऱ्या दिवसांचं बाळ होतं का, आई मिरगीसाठी व्हॅल्प्रोएट घेत होती का, फ्रॅजाइल एक्ससारखं जनुकीय काही आहे का. तुमच्या भागात सिकलसेल विसरू नका, त्यात मेंदूला न कळत छोटे झटके येऊन गेलेले असू शकतात आणि मग मूल अभ्यासात असंच मागे पडतं.

सुरुवात महिन्यातल्या एका ठराविक दिवसाने करा, दिवसाला दोन मुलं, बस. सोशल वर्करला कोऑर्डिनेटर करा, कारण खरं काम तिचंच आहे, आईशी आधी बोलणं, शाळेतून माहिती आणणं, जुने डिस्चार्ज पेपर शोधणं. सगळ्यांनी आपापलं तपासलं की एका टेबलाभोवती बसा आणि तिथे ठरवा, फाईल इकडून तिकडे फिरवून निदान करू नका. आणि त्याच दिवशी घरच्यांना मराठीत दोन पानं हातात द्या, मुलाला काय जमतं, काय जमत नाही, घरी काय करायचं, शाळेने काय करायचं, पुन्हा कधी यायचं. ‘पुढे काय करायचं’ हे दुसरं पान तयार नसेल तर पहिलं पान लिहूच नका असं मी म्हणेन.

मी मँचेस्टरला ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, मूळची कोल्हापूरची. आमच्या ट्रस्टने (इथली सरकारी आरोग्यसेवा, एनएचएस, आमच्या भागात चालवणारी संस्था) एफएएसडीचं लोकल निदान सुरू करायचं ठरवलंय आणि टीममध्ये मला घेतलंय. इकडे ऑटिझम-एडीएचडीची वेटिंग लिस्टच एवढी आहे, हे कुठे बसवायचं?

तुमच्या हातात आपल्यापेक्षा एक गोष्ट जास्त आहे, कागद. मार्च २०२२ मध्ये नाईसने, म्हणजे तिकडे उपचारांचे निकष ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने, यावर क्वालिटी स्टँडर्ड काढलं, त्यात पाचच गोष्टी आहेत: गरोदर बाईला दारू नको हे सांगणं, ती किती घेते हे विचारून लिहून ठेवणं, शंका असलेल्या मुलाला पुढे पाठवणं, त्याच्या मेंदूची नीट तपासणी करणं, आणि निदान झालेल्या प्रत्येकाला पुढचा प्लॅन देणं. तपासणी कशी करायची ते स्कॉटलंडच्या साईन १५६ या मार्गदर्शिकेत आहे, जानेवारी २०१९ चं, आणि ते कॅनडाच्याच निकषांवर उभं आहे. म्हणजे ‘हे आमचं काम नाही’ असं ट्रस्टमध्ये कोणी म्हटलं तर तुम्ही बोट ठेवून दाखवू शकता. आणि गरज आहे का असं विचारलं तर तुमच्याच ग्रेटर मँचेस्टरमधल्या तीन प्राथमिक शाळांत ८-९ वर्षांच्या मुलांची पाहणी झाली होती, २०२१ मध्ये छापून आली, त्यात १.८ ते ३.६ टक्के मुलांमध्ये हे असावं असं निघालं.

कुठे बसवायचं, तर नवीन रांग लावू नका. जी मुलं ऑटिझम-एडीएचडीच्या रांगेत उभी आहेत त्यातलीच बरीच ही मुलं आहेत. त्या रेफरल फॉर्मवर गरोदरपणातल्या दारूचा प्रश्न घाला, आणि ज्यांचं उत्तर हो आहे त्यांची तपासणी तीच टीम दहा क्षेत्रांनी करेल. तिकडच्याच सरे परगण्यात डॉ. राजा मुखर्जींचं एनएचएसचं स्पेशालिस्ट क्लिनिक २००९ पासून आहे, अवघड केसेस अशा ठिकाणी जाव्यात, साध्या नाहीत, नाहीतर अख्ख्या देशाची मुलं एका दारात. दत्तक आणि फोस्टर घरातली मुलं आधी घ्या, त्यांच्यात प्रमाण जास्त असतं आणि त्यांचे जुने कागद वर्षागणिक हरवत जातात. आणि ताई, ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून तुमचं म्हणणं दाबू देऊ नका. बुद्ध्यांक ८५ येतो आणि मूल स्वतःचे कपडे क्रमाने घालू शकत नाही, पैसे हातात राहत नाहीत, हे फक्त तुम्हीच मोजून दाखवू शकता, आणि फक्त बुद्ध्यांक बघणाऱ्या टीम नेमकी हीच मुलं ‘नॉर्मल’ म्हणून परत पाठवतात.

मी गडचिरोलीत आशांची गटप्रवर्तक आहे. आशाला सांगितलं की गरोदर बाईला दारूचं विचार, तर ती म्हणते मॅडम मार खायला लावता का. विचारायचं कसं?

आशाची भीती खरी आहे, तिला रागावू नका. तुमच्या जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, म्हणजे जी बाई ‘हो घेते’ म्हणेल ती आजारासोबत गुन्हाही कबूल केल्यासारखं तिला वाटणार. म्हणून पहिलं वाक्य हेच हवं की हे पोलिसांना नाही, सरपंचाला नाही, घरातही कोणाला सांगणार नाही, बाळासाठी विचारतेय. आणि ते पाळायचं सुद्धा. रजिस्टर उघडं टेबलावर पडलेलं असेल तर पुढच्या महिन्यात कोणी तोंड उघडणार नाही.

दुसरं, सगळ्यांना विचारायचं. पाटलाच्या सुनेला, मास्तरच्या बायकोला, दवाखान्यातल्या नर्सला पण. एकाच वस्तीत जाऊन विचारलं की तो प्रश्न राहत नाही, आरोप होतो. आणि एकदम दारूपासून सुरू करू नका, जेवण, लोहाच्या गोळ्या, मग खर्रा-तंबाखू, मग ‘आणि मोहाची, ताडी, बिअर, काही?’ हा क्रम सोपा जातो. ‘घेत नाहीस ना?’ असं विचारलं तर उत्तर ‘नाही’ च येणार, त्यापेक्षा ‘सणाला, लग्नाला, दमून आल्यावर बऱ्याच जणी घेतात, तुझं कसं असतं?’ असं. आणि एक प्रश्न विसरायचाच नाही: दिवस गेलेत हे कळायच्या आधी किती घेत होतीस? कारण पाळी चुकल्याचं कळेपर्यंत दीड-दोन महिने जातात आणि तोच काळ बाळाचे अवयव बनण्याचा असतो.

प्रमाण ‘थोडी’, ‘जास्त’ असं लिहू नका. बाटलीबंद दारूचा हिशोब सोपा आहे, ३० मिलीच्या व्हिस्कीच्या पेगमध्ये साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असतं, ६५० मिलीच्या साध्या बिअरच्या बाटलीत साधारण २५, आणि स्ट्राँग बिअर असेल तर ४० पर्यंत, म्हणजे एकटीने एक स्ट्राँग बाटली म्हणजे चार पेग झाले. घरच्या मोहाचं किती कडक ते सांगता येत नाही, तिथे कुठला ग्लास, किती ग्लास, आठवड्यातून कितीदा आणि कितव्या महिन्यापर्यंत एवढं लिहा. हीच नोंद सात वर्षांनी त्या मुलाचं निदान करताना सोन्यासारखी उपयोगी पडते, नाहीतर तेव्हा सगळं अंदाजावर.

‘हो’ म्हटलं तर लगेच भाषण नको. ‘आजपासून थांबवलंस तरी बाळाला फायदा आहे’ हे खरं आहे आणि हेच सांगायचं, मेंदू नऊ महिने वाढत असतो. पण रोज भरपूर घेणारी बाई एकदम बंद करायला गेली तर तिचे हात थरथरू शकतात, झटके येऊ शकतात, तिला डॉक्टरकडेच न्यायचं. नवरा मारतो म्हणून पिते असं निघालं तर आधी ते दुखणं बघा. गोव्यातल्या संगत संस्थेने दाखवून दिलंय की डॉक्टर नसलेली, नीट शिकवलेली साधी माणसं दारूचं समुपदेशन चांगलं करू शकतात, त्यांचा तो अभ्यास पुरुषांवरचा होता पण शिकवायची पद्धत आपल्याला घेता येईल.

दारू पिणाऱ्या बायका आपल्याकडे आहेत किती? हा पाश्चात्त्य देशांचा आजार आहे, इथे आरोग्य खात्याचा पैसा याच्यावर का घालवायचा? – सांगली

एनएफएचएस-५ या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ वर्षांवरच्या १.३ टक्के बायकांनी दारू घेतो असं सांगितलंय, म्हणजे कमीच, तुमचं बरोबर. पण हा सरासरीचा आकडा आहे, काही जिल्ह्यांत आणि काही घरांत तो खूप वर जातो, आणि शहरात वाईन घेणारी बाई सर्व्हेवालीला काय सांगेल हेही आपल्याला माहितीये. २०१७ च्या एका जागतिक अभ्यासात अंदाज निघाला की गरोदरपणात दारू घेणाऱ्या साधारण १३ बायकांमागे एका मुलाला एफएएसडी होतो. म्हणून मी वेगळी इमारत मागतच नाहीये, आहे त्या डीईआयसीत महिन्याचा एक दिवस मागतेय.

आणि न ओळखण्याचा खर्च पण बघा ना. पश्चिम ऑस्ट्रेलियात बँक्सिया हिल या बालसुधारगृहातल्या ९९ मुलांची तपासणी केली, २०१८ मध्ये आलं ते, ३६ टक्के मुलांना एफएएसडी होता आणि त्यातल्या फक्त दोघांचं निदान आधी झालेलं होतं. बाकीची शाळेतून, घरातून, पोलीस स्टेशनातून फिरत तिथे पोचली आणि वाटेत एकाही माणसाने विचारलं नाही. मला हा आकडा आठवला की आजही त्रास होतो.

त्याच राज्यात उलटं उदाहरण पण आहे. फिट्झरॉय क्रॉसिंग नावाचं ब्रूमपासून साधारण ४०० किलोमीटरवरचं आदिवासी भागातलं गाव, तिथल्या जून ऑस्कर, एमिली कार्टर या बायकांनी २००७ मध्ये स्वतः मागणी करून बाहेर न्यायच्या कडक दारूवर निर्बंध आणले आणि मग संशोधकांना बोलावलं की आमच्या मुलांना तपासा. २००२-०३ मध्ये जन्मलेली मुलं तपासली, साधारण पाचातल्या एकाला एफएएसडी निघाला. आकडा वाईटच आहे, पण टीम गावात गेली होती, तपासणी गावच्या परवानगीने झाली, आणि प्रत्येक मुलाला पुढचा प्लॅन मिळाला. आपल्या आदिवासी भागात हे करायचं तर असंच करावं लागेल, बाहेरून जाऊन लोकांच्या मुलांवर लेबल लावून परत यायचं नाही.

आमची मुलगी दत्तक आहे, सात वर्षांची. जन्मदात्या आईची काहीच माहिती नाही. वागणं बघून मला एफएएसडी वाटतो. माहितीशिवाय निदान होतं का? – पुणे

तिन्ही खुणा चेहऱ्यावर स्पष्ट असतील आणि मेंदूच्या तपासणीत तसं निघालं तर दारूची माहिती नसतानाही होतं. पण तिन्ही खुणा दहातल्या एखाद्याच मुलात दिसतात, कारण चेहरा घडतो तो गरोदरपणाच्या अगदी सुरुवातीच्या थोड्या दिवसांत, त्या दिवसांत दारू नसेल आणि पुढे असेल तर चेहरा साधा आणि मेंदूवर परिणाम, असं होतं. खुणा नसतील आणि माहितीही नसेल तर कुठलाही प्रामाणिक डॉक्टर हे नाव लिहिणार नाही, आणि लिहूही नये. संस्थेकडे मुलीची मेडिकल फाईल आणि चाइल्ड स्टडी रिपोर्ट असतो, तो एकदा मागून नीट वाचा, जन्माचं वजन, डोक्याचा घेर, काही शेरा.

नाव मिळालं नाही तरी तपासणी थांबवू नका. दहा क्षेत्रांचा रिपोर्ट तिच्या हक्काचा आहे आणि मदत त्यावरच ठरते. सिअ‍ॅटलच्या अ‍ॅन स्ट्रीसगुथ यांनी १९९६ मध्ये मोठ्या झालेल्या मुलांचा अभ्यास केला, त्यात पुढच्या आयुष्यातल्या अडचणी कमी करणाऱ्या गोष्टींत सहा वर्षांच्या आत निदान आणि एका जागी टिकलेलं मायेचं घर या दोन्ही होत्या. दुसरी तुम्ही दिलेलीच आहे. आणि एक विनंती, तिच्यासमोर ‘तुझ्या खऱ्या आईच्या दारूमुळे’ असं कधीही म्हणू नका, खात्री असली तरी.

चेहऱ्याचा फोटो काढून ओळखणारं सॉफ्टवेअर आहे म्हणतात. रक्त तपासूनही कळतं ना? बापाच्या दारूमुळे होतो का? – एक जनरल प्रॅक्टिशनर, गोवा

फोटोवरून तीन खुणा मोजता येतात, तेवढंच, वर म्हटलं तसं बहुतेक मुलांत त्या नसतातच. आईच्या रक्तातली पीईटीएच तपासणी मागच्या काही आठवड्यांतली दारू सांगते आणि बाळाच्या पहिल्या काळ्या शीतून गरोदरपणाच्या उत्तरार्धातली कळू शकते, पण दोन्हीतून ‘दारू पोचली’ एवढंच कळतं, मेंदूवर काय झालं ते नाही. बापाच्या पिण्यावरून हे निदान होत नाही. पण गरोदर बायको घरात असताना नवरा रोज बाटली उघडत असेल तर तिचं थांबणं अवघड होतं, तेव्हा तपासणीला त्यालाही बोलवा.

माझ्या वर्गात तिसरीत एक मुलगा आहे, त्याच्या हातात एफएएसडीचा रिपोर्ट आहे. मी काय करू? – जिल्हा परिषद शाळेतील शिक्षिका, नांदेड

बाई, त्याला एका वेळी एकच सूचना द्या. ‘वही काढ, तारीख घाल आणि पान १२ उघड’ यातलं त्याला ‘वही’ एवढंच पोचतं, आणि बाकीचं केलं नाही की तो मुद्दाम करतो असं वाटतं. कालचं येत होतं आज येत नाही, हे या मुलांचं रोजचं असतं, आळस नाही. रोज तीच जागा, तोच क्रम, भिंतीवर चित्रांचं वेळापत्रक, आणि काही बदलणार असेल तर आधी सांगा. गणित आणि पैसे-वेळ यात जास्त अडकेल, तिथे हातात धरायच्या वस्तू वापरा. शिक्षेचा उपयोग होत नाही कारण ‘मी हे केलं म्हणून ते झालं’ हा धागाच त्याला जोडता येत नाही, त्यापेक्षा जिथे चुकतं ती परिस्थितीच बदला, गोंधळात बिथरत असेल तर मधल्या सुट्टीत त्याला छोटं काम देऊन आपल्यासोबत ठेवा. चांगलं काय येतं ते रिपोर्टच्या पहिल्याच पानावर असायला हवं, नसेल तर डीईआयसीला तसं कळवा आणि मागून घ्या. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याच्या २१ प्रकारांत एफएएसडीचं नाव नाही, पण त्याची बुद्धी किंवा शिकण्यातली अडचण त्या मर्यादेत बसत असेल तर त्या नावाखाली यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) मिळू शकतं, पालकांना त्यासाठी जिल्हा रुग्णालयात पाठवा आणि तो दोन पानांचा रिपोर्ट सोबत द्या.